अनोळखी कलाकार, ट्रॅक चार

नुआकशोतच्या मोबाइल बाजारात
छत्रीएवढ्या सावलीत माझं टेबल.
एक लॅपटॉप, त्याची तीन बटणं वाळूनं गिळलेली,
आणि दुधाच्या डब्यात मेमरी कार्डं, सुट्ट्या पैशांसारखी.
पन्नास उगियात शंभर गाणी.
कोणाची, हे कुणी विचारत नाही.

मत मात्र प्रत्येकाला आहे.
टॅक्सीवाला हमूदी म्हणतो,
वाऱ्याला कुणी पावती फाडतं का?
शेजारचा बिलाल फोन उघडून बसलेला,
तोंडात स्क्रू धरूनच बोलतो :
माझा स्क्रू नेलास तर माझ्या डब्यात एक कमी होतो.
तिचं गाणं नेलंस, तर तिच्या गळ्यात काय कमी झालं?
आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षाचा यहदीह
चोरी म्हणतो, सरळ चोरी, कलमासकट.
ते कलम ज्या पुस्तकात आहे
ते त्याच्या फोनमध्ये मीच भरून दिलं,
दहा उगियात.
माझं मत विचाराल तर
गिऱ्हाईक बघून बदलतं.

मग एका गुरुवारी ती आली.
निळी मेलहफा, चपलेला समुद्राकाठचा चिखल.
म्हणाली, ट्रॅक चार लाव.
मी लावलं.
कुठल्याशा लग्नातलं, कुणीतरी फोनवर धरलेलं,
मधे भांडी पडतात, एक बाई हसते,
आणि आर्दिनच्या तारांवरून
एक आवाज चढत जातो, उतरायचं विसरतो.
ती ऐकत होती डॉक्टरसारखी.
"ही तार," ती म्हणाली, "ऐकलीस?
उतरलेली आहे. सबंध गाणंभर उतरलेली आहे.
त्या रात्री थंडी होती, घाई होती.
अकरा वर्षं हा माझा बेसूर
तू टॅक्सीटॅक्सीत वाटतोयस."

मला वाटलं, पैसे मागेल.
उत्तर तयार होतं माझं.
ती म्हणाली, पूस.

आता कसं सांगू तिला?
माझ्याकडचं पुसलं तरी बिलालकडे आहे,
बिलालकडून बामाकोला गेलेल्या ट्रकवाल्याकडे,
त्याच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याच्या मिरवणुकीत,
कुठल्या कुठल्या खेड्यात, जिथं वीज नाही
पण फोन आहेत.
सांडलेलं तेल निदान दिसतं तरी.

पुढच्या गुरुवारी ती आर्दिनच घेऊन आली.
तुंबा मांडीवर, तार पिळत
अर्धा तास नुसती सुरात आणत बसली.
बाजार थांबला म्हणणार नाही, बाजार थांबत नाही;
पण बिलालनं तोंडातले स्क्रू काढून ठेवले.
तिनं गायलं. मी टिपून घेतलं.
यहदीहनं करार लिहिला, दोन पानी,
प्रत्येक कार्डामागे तिचे दोन उगिया,
आणि फाइलीवर पुरं नाव :
सलेका मिन्त बूना.

नवं गाणं उत्तम प्रतीचं आहे.
तार कशी काचेसारखी.
पण हमूदी येतो, ऐकतो, मान हलवतो :
ते नाही रे, ते भांडी पडतात ते दे.
सगळ्यांना तेच हवं.
ज्या ठिकाणी तार उतरते
तिथं म्हणे घशात काहीतरी येतं.

करारात मोडत नाही म्हणून
नवं मी प्रत्येक कार्डावर फुकट टाकतो,
तिचे दोन उगिया माझ्या खिशातून.
तिला सांगितलेलं नाही.

काल आली. हिशोब मोजून घेतला,
नाणी पदराच्या गाठीत गेली,
मग नातीचा फोन पुढे सरकवला.
म्हणाली, टॅक्सीत लागलं होतं आज.
कोणतं, मी विचारलं.
ती रस्त्याकडे बघत राहिली.
"दोन्ही टाक यात," म्हणाली शेवटी,
"पण जुन्यावर माझं नाव घालू नकोस."