जडवस्तू नोंदवही

एकतीस तारखेला चार्ज द्यायचा आहे.
देवरुखहून गुरव नावाचा पोरगा येतोय,
त्याला सगळं मोजून दाखवायचं.
खुर्च्या चौदा, पैकी एक लंगडी.
सोल्डरिंग गन नऊ, तीन निकामी.
ऑसिलोस्कोप दोन,
खाऱ्या वाऱ्याने बटणं हिरवी पडलेले.
प्रत्येकाला बिल आहे, पुरवठादार आहे,
पान क्रमांक आहे.

एका गोष्टीला यातलं काहीच नाही.

मुकादम मॅडमनी ते आणलं होतं
पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधून, किल्लीसारखा.
म्हणाल्या, घवाळी, ही चिप काढायची पाटी.
कंपनीची घेतली तर आपल्या वर्षाची ग्रँट गिळून
वर पाणी मागेल.
ही एका विद्यापीठातल्या पोरांनी लिहिली,
मी परकर नेसत होते तेव्हा,
आणि सोडून दिली, कुणीही घ्या म्हणून.
मी विचारलं, कोटेशन?
नाही.
वॉरंटी?
हसल्या. आत लिहिलंय म्हणाल्या,
चाललं तर चाललं.

रकाना पाच, किंमत.
शून्य लिहिलं की ऑडिटवाले विचारतात
दान कोणाचं, दानपत्र कुठाय.
मी पेनाला टोपण लावलं.

पुढे कुलूप लावायच्या वेळेला
शेवटच्या रांगेत उजेड दिसू लागला.
हर्षला डोर्लेकर, बाप मिरकरवाड्याला तांडेल.
पडद्यावर पट्ट्या ओढत बसायची.
तांबडी हिरवीला आडवी गेली
की तिथे ट्रान्झिस्टर होतो, म्हणे.
नुसत्या ओलांडण्याने!
निळी वरून जाते, कुणाला शिवत नाही,
शिवायचं तर मध्ये खिडकी पाडा.
दोन पट्ट्या फार जवळ आल्या
की पांढरे ठिपके उठायचे.
नियम मोडला, काका.
म्हटलं, आमच्या वाडीत दोन गडग्यांमध्ये
कुणी असे ठिपके दाखवले असते
तर तीन पिढ्या रत्नागिरी कोर्टाच्या पायरीवर
डबा उघडून जेवल्या नसत्या.

लाईट जायची.
ती अंधारात कपाळावर हात मारायची,
सेव्ह केलेलं नसायचं.

कॉलेजमागच्या सड्यावर
कातळात खोदलेलं एक जनावर आहे,
पोटात मासे, पाठीवर चौकटी चौकटी.
जवळ उभं राहून कळत नाही,
वरून बघावं लागतं.
कोणी खोदलं, मजुरी काय घेतली,
कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.
गुरं त्यावरून चरत जातात.
हर्षलाने एकदा मोबाईल काठीला बांधून
त्याचा फोटो काढला,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

शिमग्याच्या आधी कुरिअर आला.
परक्यांच्या तबकडीत एका कोपऱ्यात
तिच्या पट्ट्यांना जागा मिळाली होती.
काळ्या डब्या पाच,
आत मोहरीएवढं काहीतरी.
दोन मेलेल्या, दोन चालल्या,
एकीचं अजून ठरत नाही.
त्यांची नोंद मी केली, पान एकशे बेचाळीस,
नग पाच, शेरा: नाजूक.
पोरांना दाखला मिळाला,
आईचं नाव कुठल्याच वहीत नाही.

तशी एकदा पेन्सिलने करून बघितली होती.
जमा एक.
हर्षला घरी घेऊन गेली, खर्च एक.
शिल्लक एक.
खोडलं, पुन्हा मांडलं.
तिच्यामागून अख्खा वर्ग घेऊन गेला,
शिल्लक एक.
बत्तीस वर्षं भांडार सांभाळलं,
तेलाच्या डब्यापासून तांब्याच्या तारेपर्यंत
दिलं की कमी होतं, एवढंच माहीत होतं मला.
ते पान तसंच ठेवलंय, घडी घालून.

गुरव मोजेल, जुळलं म्हणेल, सही करेल.
त्याला सांगेन,
ह्या गणितात पडू नकोस.
कुलूप तेवढं सातनंतर लाव.