मुळाचं विरजण

मी खड्डा खणतेय तिथे
माझे वडील जाळं टाकायचे.
फावड्याला शिंपले लागतात, मीठ लागतं,
एकदा नांगर लागला.
जहाजाचा. दुसरा नांगर
या जमिनीने अजून पाहिलेला नाही.

अराल आटला, मुयनाकचं बंदर कोरडं पडलं,
आणि वाऱ्यावर मीठ गावात यायला लागलं,
चहात, पापण्यांत, तान्ह्याच्या दुपट्यात.
म्हणून साक्सौल लावायचे. वाळू धरतो म्हणतात.
पहिल्या मार्चला ट्रॅक्टरमागे
तोंडाला रुमाल बांधून सतरा बायका.
जूनमध्ये मोजायला आलो तर काड्या.
बेर्दिबेकने वहीत शून्य काढलं
आणि तेच गिरवत बसला.

त्या रात्री सासूबाई, सार्बिनाज आपा,
कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा सोडताना म्हणाली,
‘नुसतं दूध ठेवलंस तर सकाळी काय होईल?’
‘नासेल.’
‘मग?’
भांड्याला तिने आपली जुनी शाल गुंडाळली.
पुढे बोलली नाही. तिचं बोलणं असंच,
अर्धं ती करणार, अर्धं आपण.

कबरस्तानापलीकडे, जुन्या किनाऱ्यावर
एक साक्सौल आहे, कुणी न लावलेला,
वाकडा, कुठल्याच वहीत नसलेला.
कोपरापर्यंत हात घातला त्याच्या बुडाशी.
मूळ करंगळीएवढं, आणि त्यावर
वाळूचा मोजा. ओलसर, घट्ट,
झटकला तरी न गळणारा.
कणाला कण चिकटवत कुणीतरी बसलं होतं
आणि मला वाळूच दिसत होती.

नुकुसहून आयसुलू आली, सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन,
खड्ड्या-खड्ड्यांना शिव्या देत.
त्या मोज्याचं पाणी करून काचेखाली धरलं.
बारीक दांडे. पोहत होते.
समुद्र गेल्यावर इथे पोहणारं काही
मी पहिल्यांदाच बघत होते.

तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.
मूळ वाढतं,
कारण आधी ते वाढतं:
पानांनी उन्हात कमावलेली साखर
अंधारात पंगतीला.
आणि जेवणारे उष्ट्या हाताने उठून जात नाहीत.
कुणी दगडात अडकलेला फॉस्फरस विरघळवतं,
कुणी कुठून कुठून लोह हुडकून आणतं,
कुणी मुळाला सांगतं, अजून थोडं खाली जा.

आणि मीठ?
मीठ लागलं की रोप घाबरतं.
भीतीचा एक वायू असतो, रोप तो
आपल्याच अंगात तयार करतं
आणि आपल्याच वायूने खुंटतं.
हे दांडे त्या भीतीचा कच्चा माल खातात.
मीठ होतं तेवढंच राहतं.
घाबरायला सामान पुरत नाही.

मी काचेवरून डोळा काढला.
बंदरातलं पाणी गेलं त्या वर्षी
वडील रोज पहाटे गमबूट घालून
उंबऱ्यात बसायचे, ऊन चढेपर्यंत.
त्यांच्या आसपास आम्ही सगळे होतो.
कुणाला काही खाता आलं नाही.

दुसऱ्या मार्चला जुन्या झाडाखालची माती बादलीत घेतली.
खड्ड्यात मूठ टाकणार तोच आपा ओरडली,
‘मूठ नको गं, चमचा! विरजण जास्त झालं की आंबतं.’
आयसुलू हसली. तरी वहीत लिहून घेतलं: चमचा.

जूनमध्ये शंभरात एकतीस.
बेर्दिबेकचा विश्वास बसेना, तो परत गेला मोजायला
आणि तेहतीस घेऊन आला.
दोन बाभळीच्या पोरांएवढी बुटकी होती,
पहिल्या फेरीत पायाखालीच आली असणार.

संध्याकाळी, कुणी बघत नाही असं बघून,
मी एका रोपाला हलकेच ओढलं.
ओढू नये. ओढलं.
आलं नाही.
खालून कुणीतरी धरून होतं.