शेवटच्याला आणायला

बंदरावरचे दिवे विझायच्या आधी
आम्ही कारंज्यापाशी जमतो,
जांभया गिळत, नाड्या दोनदोनदा बांधत.
वाल्पाराइसोत समुद्राने सपाट जमीन
जेमतेम दोन-चार गल्ल्यांपुरती सोडली आहे,
बाकी सगळा चढ.

एकतीस वर्षं मी याच टेकड्यांवर बस चालवली.
कुठल्या वळणावर इंजिन कण्हतं,
कुठे पहिल्या गिअरवर यावं लागतं,
सगळं तळपायांना पाठ.
पण तळपायांनाच.
गुडघे आणि छाती ही मंडळी
या चढाला कधी भेटलीच नव्हती.

साखर वाढली, नोकरी सुटली.
दवाखान्यातली यास्ना म्हणाली,
गोळ्या देते, पण मंगळवारी पहाटे या.
मला वाटलं, तपासणीला.

ती रात्रपाळी संपवून तशीच येते,
निळ्या कपड्यांवर जाकीट, केसांना औषधांचा वास.
ओविदिओ येतो मासळीबाजारातून,
मनगटावर दोन-तीन खवले चिकटलेले.
नावेल अठराचा. बापाशी बोलत नाही,
आमच्याशीही फारसं नाही,
पायऱ्या मात्र मोठ्याने मोजतो.
आणि एका कानाचा एक कुत्रा,
ज्याला प्रत्येकजण वेगळ्या नावाने हाक मारतो
आणि तो सगळ्यांना ओ देतो.

नियम एकच, तोही कुणी सांगितलेला नाही.
वर पोचलं की थांबायचं नाही.
वळायचं, खाली यायचं, शेवटच्याला गाठायचं
आणि त्याच्या चालीने पुन्हा वर.
म्हणजे जो सगळ्यात जोरात पळतो
त्याच्याच वाट्याला जास्तीचा डोंगर.
मला हा हिशेब उलटा वाटायचा.
पहिले चार महिने शेवटचा मीच होतो.

नावेल उड्या मारत खाली यायचा,
शेजारून चालू लागायचा.
धीरबीर काही द्यायचा नाही.
"अठ्ठ्याऐंशी," म्हणायचा. "एकोणनव्वद."
पोटऱ्यांत गोळे, कानात रक्ताचे ठोके,
आणि मी तो आकडा धरून पाय उचलायचो
जसा अंधारात कठडा धरावा.

मग नेलिदा आली. शिवणकाम करणारी, बासष्टची.
वणव्यात घर गेलेलं, खाली बहिणीकडे राहायची.
एकशे दहाव्या पायरीपर्यंत नीट यायची.
तिथून वरची जळकी झाडं दिसतात.
तिथे ती कठड्याला टेकायची, म्हणायची,
तुम्ही या जाऊन, मी बघते समुद्राकडे.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
खाली जाऊन तिच्याजवळ उभे राहायचो,
घाम गार होईपर्यंत.

जूनमधल्या एका मंगळवारी धुकं इतकं
की कारंजं आवाजावरून शोधावं लागलं.
कुणीच नव्हतं. मी आणि कुत्रा.
घरी परतावं, असा विचार
तिसाव्या पायरीवर आला, चाळिसाव्यावर आला.
वर पोचलो. दिसत काहीच नव्हतं.
आणि पाय आपसूक वळले,
खाली निघाले शेवटच्याला आणायला.
अरे, कुणाला? मी पायांना विचारलं.
त्यांनी बसमधल्या बहिऱ्या म्हाताऱ्यासारखं
ऐकलंच नाही.

एकशे दहावर ती उभी होती.
उशीर झाला, म्हणाली, बहिणीचा गॅस संपला.
मी धापा टाकत शेजारी टेकलो.
आज झाडं नव्हती, समुद्रही नव्हता,
वर-खाली सगळं एकाच राखाडी रंगाचं.
कुत्रा दोन पायऱ्या चढून मागे वळला.

मोजायला नावेल नव्हता.
मला नीट मोजता येत नाही, मी अध्येमध्ये चुकतो.
बराच वेळ गेला.
"एकशे अकरा," ती म्हणाली,
आणि तिथे तिचा पाय होता.

वर आम्ही फार थांबलो नाही.
तिने एका हाताने माझा खांदा धरला,
दुसऱ्याने बूट काढला,
त्यातला खडा झटकून
पुन्हा घातला.