पाव किलो झेंडू

खोक्यावर लिहिलंय, फक्त उडवा.
काही टाकायचं कुणी म्हटलेलं नाही.
पण रिमोटचा पाचवा चॅनेल रिकामाच होता,
आणि कुपवाडच्या अभिनंदनशेठना
नव्या शेडच्या उद्घाटनाला
वरून फुलं हवी होती.
खऱ्या हेलिकॉप्टरचं भाडं ऐकून ते माझ्याकडे आले.

आइस्क्रीमचा डबा, तळ कापलेला.
बिजागरी पोराच्या जुन्या कंपासपेटीची.
खीळ म्हणून सायकलची तार,
ती ओढायला बोटाएवढी सर्वो मोटर.
बटण दाबलं की खीळ सरकते, दार पडतं.
एवढंच.
एवढ्यात तीन रात्री गेल्या.
डबा बरोबर पंख्याच्या दांड्याखाली हवा;
दोन बोटं पुढे सरकला तरी
नाक खाली घालून मातीकडे ओढतं,
दावणीला आलेल्या बैलासारखं.

पहिली चाचणी भडंगाची.
दुसऱ्या दिवशी कावळे वेळेवर हजर.
दुसरी हळदीची, ती माझी चूक.
मार्केट यार्डातली दोन मुठी पूड
पंख्यानं घेतली आणि तशीच परत दिली:
मी, पाण्याची टाकी,
बिरनाळेकाकूंची वाळत घातलेली पांढरी साडी,
सगळे एकाच लग्नातले.

पण कळलं ते तेव्हाच.
ओझं सुटतं त्या क्षणी
यंत्र हातभर वर उडी मारतं.
अंगठा आधीच खाली घ्यावा लागतो,
हलकं होण्याचीसुद्धा तयारी लागते.
हे माहितीपत्रकात नाही.

उद्घाटनाला वारा मिरजेकडून.
शेठ कात्री धरून, तोंड वर, डोळे मिटलेले.
मी दाबलं.
सर्वो कुरकुरली. खीळ अडली.
पुन्हा दाबलं.
तोवर हेलिकॉप्टर कुंपणापलीकडे.

पलीकडच्या प्लॉटवर जतकडची एक बाई
लेथचा किस निवडत बसली होती,
तांब्याचा वेगळा, पितळेचा वेगळा,
पोरगं मांडीत झोपलेलं.
पाव किलो झेंडू, देठ खुडून मोकळा केलेला,
सगळाच्या सगळा तिच्यावर.

तिनं आधी पोराचं तोंड झाकलं.
मग वर बघितलं.
पदर झटकला नाही.

मी अंगठा खाली घ्यायला विसरलो.
हेलिकॉप्टर वर गेलं, बरंच वर,
उन्हात बारीक काळं होईपर्यंत.

शेठपर्यंत सात-आठ पाकळ्या पोचल्या.
निम्मे पैसे मिळाले, बाकीचे ‘बघू नंतर’.
वाऱ्याला दोष दिला मी, सगळ्यांनी मानला.
रात्री खीळ काढून तेल दिलं.
गंज नव्हता, खरं सांगायचं तर.

निघताना कुंपणाशी जाऊन आलो होतो.
बाई नव्हती. तांब्याचा ढीग होता,
पितळेचा होता, पिवळाधमक.
झेंडूची एक पाकळी नव्हती कुठं.
तीही निवडून वेगळी केली असणार तिनं.