चौथा फोटो

डिसेंबरात डंडीला उजेड
घाईतल्या पाहुण्यासारखा येतो.
दहाला दार वाजवतो, अडीचला कोट शोधायला लागतो.
तेवढ्यात सात चमचे उरकायचे.

श्रीरंग रात्रपाळी करून आत झोपलेला.
मी टेबल उत्तरेच्या खिडकीकडे सरकवते, हळू,
टेबलाच्या पायांत त्याचेच जुने मोजे घालून.
ड्रॉइंगचा पांढरा कागद भिंतीला चिकटवून
खाली बाक देऊन सोडला
की मागचा कोपरा नाहीसा होतो,
चमचा कुठेच ठेवलेला नाही असं वाटतं.
डावीकडे दुधाचा कॅन, कापून सपाट केलेला,
उजवीकडे फॉइल लावलेलं कॉर्नफ्लेक्सचं खोकं.
एवढाच स्टुडिओ.
जेवायच्या वेळी घडी होऊन कपाटामागे जातो.

चमचे मोरागच्या दुकानातले,
दाराजवळच्या टोपलीत, पन्नास पेन्सला एक.
मिठाचे, मोहरीचे, उकडलेल्या अंड्याचे.
ज्या घरांतून आले
तिथे आता कुणी अंडं उकडत नाही.

कप सोपा. डबी सोपी. चमचा मात्र खट.
समोर असेल ते गिळतो:
खिडकी, पडदा, टे नदीवरच्या पुलाचा तुकडा,
आणि मी, उलटी, गाउनवर स्वेटर,
डोक्यापेक्षा मोठे हात, हातात फोन,
मागे ओट्यावर कुकर.

चादर टांगली, तिला भोक पाडलं,
भोकातून फोन धरला. मी गेले.
भोक राहिलं,
चमच्याच्या पोटात एक काळा तीळ.
तोही पुसता येतो, स्क्रीनवर, बोटाने.
पुसला.
मग तो चांदीचा वाटेना,
चमच्याचं चित्र वाटायला लागला.

पहिला फोटो वरून, दुसरा कडेने.
तिसऱ्यात शेजारी एक पेनी, मापासाठी.
तरी लोक कळवतात, वाटला त्याहून लहान निघाला.
दिसतं तसं नसतं,
हे मी त्यांना पैसे परत करून सांगते.
चौथा फोटो दोषाचा.
ओरखडा, पोचा, दांड्यावरची कुणाची अक्षरं,
सगळं आधीच दाखवायचं.

माझ्या वेळी असं नव्हतं.
साताऱ्याच्या फोटोवाल्याने
गालावरचा भाजल्याचा डाग ब्रशने काढून दिला होता,
वर दहा रुपये घेऊन.
श्रीरंगने डाग पाहिला तो लग्नानंतर.
दोन दिवस काही बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
दूध की तेल?

आज सातवा. बाळाचा चमचा, आखूड दांड्याचा.
काठावर बारीक खुणा, दातांच्या,
खालचे दोन, वरचा एक.
पेनीच्या शेजारी खुणा दिसत नाहीत.
उजेड तिरका झाला की उठतात,
आणि तिरका होतो तो जायच्या आधी जरासा.
चादर काढली. वाकले. श्वास धरला.

फोटोत दात आले.
त्यांच्या खाली, खोलगटात, तांदळाएवढी मी
आणि दारात आणखी कुणीतरी, उलटं,
केस विस्कटलेलं, तोंड उघडं.
मी मागे वळले तोवर त्याची जांभई संपली होती.
"चहा?" श्रीरंग म्हणाला.

दुसरा काढायला उजेड उरला नव्हता.
हाच लावला. खाली लिहिलं:
काठावर दुधाच्या दातांच्या खुणा. किंमत आठ पौंड.
आत दोन माणसं दिसतात,
ती सोबत येणार नाहीत.