आबाकस

उदगीरच्या मोंढ्यात, डाळमिलच्या वरच्या मजल्यावर
माझा क्लास आहे.
खलील पेंटरनं पाटीवर 'आबाकस' लिहून ठेवलं,
कारण मी आबांची लेक, हे सगळ्या मोंढ्याला माहीत.
दुरुस्तीचे तो दोनशे मागत होता. राहू दिलं.

खाली मिल चालू झाली की जमीन थरथरते,
मणी कुणी न सांगता जागचे हलतात,
आणि मी ओरडते, झीरो करा, झीरो करा.
आडव्या पट्टीवरून बत्तीस चिमटी फिरतात
आणि सकाळपासूनच्या सगळ्या उलाढालीचं शून्य होतं.

आबा मापाडी. एकोणचाळीस वर्षं.
पहिलं माप टाकताना ते 'एक' कधी म्हणाले नाहीत,
'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
मीही तसंच मोजायला शिकले, आणि पहिलीत
गुरुजींसमोर लाभापासून सुरुवात केली म्हणून
छडी खाल्ली.
आता मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले.
आबा दुपारचे माझ्या मागच्या बाकावर येऊन बसतात,
टोपी मांडीवर.

लेकरं डोळे मिटून नुसती बोटं हलवतात.
"काय मोजायलेत गं हे वाऱ्यात?"
मणी डोक्यात असतात, आबा.
"असतेत," म्हणाले. "लई वर्षं असतेत."

एकदा मी पोरांना गोष्टीसारखं सांगत होते:
आधी माणसं धुळीत रेघा ओढून खडे मांडायची.
मग चीननं मणी ओवले, वर दोन, खाली पाच.
जपाननं वरचा एक काढला, पुढं कधीतरी खालचाही एक.
एवढ्यात भागतंय म्हणाले.
मागून आबा: "काढलेले कुटं गेले?"
पोरं हसली.
ते नाही हसले.

त्या रात्री ताटातलं वरण गार होऊ दिलं त्यांनी.
बहात्तरचं साल. तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया
रांगेत, पदर पसरून. मजुरीतली लाल मिलो.
माप भरताना अंगठा आत ठेवायचा,
हे मुकादमानं शिकवलेलं.
"अंगठ्याएवढंच, बाई. कुणाला दिसतंय."
एका बाईला दिसलं होतं. तिनं पदर तसाच धरून ठेवला,
काही बोलली नाही, मागचीनं ढकललं तेव्हा सरकली.
रोज एकशे ऐंशी बाया. दीडशे दिवस.
अंगठ्याएवढं धान्य किती भरतं, ते आबा
त्याच दुपारी सोनाराच्या काट्यावर करून आले होते.
पंधरा ग्रॅम.
मापात पाप, असं काहीतरी मी बोलणार होते.
पाणी दिलं फक्त.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बॅचला तोंडी गणित घातलं.
वन एटी इन्टू वन फिफ्टी, इन्टू फिफ्टीन.
घड्याळ लावायचं विसरले.
शगुफ्ताची बोटं ओढणीच्या काठावर थरथरली,
मिल तर बंद होती.
"चार लाख पाच हजार."
आणि मग, डोळे उघडून,
"मॅडम, चार लाख पाच हजार काय?"

अबॅकसवर ते नसतं.
एकम, दहम, शतम अशी घरं असतात, घरात मणी असतात,
ग्रॅम आहेत की रुपये की बाया, ते तारेला कळत नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे. पुढचं घ्या.

क्लास सुटत आला तेव्हा आबांनी
शेजारच्या विश्वंभरचा अबॅकस पुढं ओढला.
शेवटच्या तारेवरचा एक मणी वर सारला.
"लाभ."
मग दोन. मग तीन.
"आबा, त्या बोटानं नाही," विश्वंभर म्हणाला,
"खालचे अंगठ्यानं सारायचे असतात."

ते तर्जनीनंच सारत राहिले.
अंगठा मुठीत होता, चार बोटांखाली,
नखसुद्धा दिसू नये असा.