भरती की सुकती

सव्वासहाची फेरी, चोडणहून.
मांडीवरच्या सराव-प्रश्नसंचाला बांगड्यांचा वास,
शेजारी पेरपेतमावशीची पाटी.

प्रश्न बेचाळिसावा: नदीचा वेग तीन, होडीचा पाच.
नेमकं समोरच्या काठाला लागायचं तर
नाळ किती अंशांनी वळवावी?
साइन थीटा. सदतीस. पर्याय क.
एक मिनिट दहा सेकंद. ठीक.

वर काचेच्या खोपटात मिंगेल
रायबंदरच्या धक्क्याकडे बघतसुद्धा नाही.
तोंड भलतीकडे, पार खारफुटीकडे,
आणि आम्ही धक्क्यालाच लागतो.

उतरताना त्याला प्रश्न वाचून दाखवला.
कानावरची विडी काढून त्याने विचारलं,
"भरती की सुकती?"
दिलेलं नाही, म्हटलं.
"मग कसं सांगणार?"

क्लासात सदतीसच बरोबर निघालं.
चार गुण.
चुकलं असतं तर एक गेला असता.

रविवारी परीक्षा. वर्तुळं काळी करायची,
पूर्ण, रेघेबाहेर न जाता.
आई आतून विचारते, झालं का गं वाचून?
मी पायरीवर. पुस्तक उघडंच.
मानशीच्या फळीवर ओली रेघ
कुठवर चढलीय, ते बघत.